मास्तरांचा उजवा पाय

मला चालता येतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, सगळ्यांनाच येतं. पण तुम्हाला तुमचंच चालणं येतं, मला इस्रायलमधल्या आमच्या ओफाकिम गावातल्या निम्म्या लोकांचं येतं. आमच्या कारखान्याचा मॅनेजर आधी पोट पुढे पाठवतो, ते पोचलं की मागनं स्वतः जातो. दवाखान्यातली रुमानियाची नर्स अशी पाय आपटत येते की पेशंट अर्धा बरा होऊन उठून बसतो. माझे बाबा शनिवारी मशिदीत जाताना (आम्हा कोकणातल्या यहुदी लोकांना सिनेगॉगला मशीद म्हणायची जुनी सवय आहे) दोन्ही हात पाठीमागे धरून चालतात, पोलिसांनी पकडून नेलंय आणि यांची काही तक्रार नाही असे. हे सगळं मी करून दाखवतो. पेणच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तिथेही हेच चालायचं. हेडमास्तरांचं चालणं हेडमास्तरांच्याच समोर केलं म्हणून छड्या खाल्ल्या, आणि छडी मारताना त्यांचा खांदा कसा उडतो तेही शिकून घेतलं. मग आम्ही बोटीत बसून इकडे आलो. हिब्रू येत नव्हतं तर नुसता चालून दाखवायचो. वर्गातल्या मोरोक्कोच्या पोरांना हसायला मराठी यावं लागत नाही.

तर सगळ्यात जास्त टाळ्या मिळायच्या त्या मास्तरांच्या चालण्याला.

मास्तर म्हणजे आमच्या गावच्या फुटबॉल टीमचे कोच. मास्तर आम्ही मराठी लोक म्हणायचो, बाकीचे गावातले त्यांना नुसतं ‘स्पेन’ म्हणायचे. ‘ए स्पेन, सिगारेट आहे का?’ अशी हाक मारायचे. माणूस स्पेनचाच, पण स्पेनचं एक गाव समुद्राच्या या बाजूला, आफ्रिकेच्या काठावर आहे, तिथला. यहुदी घरातला. अठराव्या वर्षी बोटीने पलीकडे गेले आणि तिथे फुटबॉल खेळून पैसे मिळवले. आधी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, मग पहिल्या. राइट आउट खेळायचे, म्हणजे उजव्या रेघेवरून पुढे पळणारे. मग एका मॅचमध्ये उजवा गुडघा मोडला आणि तो पुन्हा धड वाकलाच नाही. मग काही वर्षं बुटांच्या दुकानात लोकांच्या पायात बूट चढवले. मग म्हाताऱ्या आईला जेरुसलेमच्या मातीत मरायचं होतं म्हणून तिला घेऊन इकडे आले. बंदरावर ट्रकमध्ये बसवलं आणि ओफाकिमला आणून सोडलं. म्हातारी ओफाकिमच्याच मातीत गेली. मास्तर राहिले.

मी लष्करातून सुटून सूतकारखान्यात लागलो तेव्हा ते तिथे रिळांचा हातगाडा ढकलायचे. एवढ्या मोठ्या खेळाडूचा हातगाडा कोणी पाहिला नसेल म्हणून सांगतो, चाकं चार, त्यातलं एक फिरत नसे. मास्तरांचा एक पाय फिरत नसे, गाड्याचं एक चाक, आणि दोघं मिळून तिरके तिरके जायचे. पायाचा पंजा बाहेर वळलेला, गुडघा काठीसारखा सरळ, डावा हात भरलेली बादली धरल्यासारखा अंगापासून लांब. हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये करत होतो. लोक टेबल बडवून हसत होते, मग हळूहळू हसायचे थांबले. मी मागे वळून बघतो तर मास्तर हातात ताट घेऊन उभे.

ताट खाली ठेवलं. माझ्याकडे वरून खाली बघितलं.

“गुडघा जास्त वाकवतोयस,” म्हणाले. त्यांचं हिब्रू म्हणजे स्पॅनिश चालीवर म्हटलेलं हिब्रू. “एवढा वाकला असता तर मी इथे कशाला आलो असतो? पुन्हा कर.”

पुन्हा केलं.

“हात बरोबर आहे. हात कुठून चोरलास?”

“तुमच्याकडूनच.”

“मला माहीतच नव्हतं माझा हात असा जातो,” म्हणाले आणि जेवायला बसले.

तेव्हापासून आमची दोस्ती. ते माझ्या बाबांच्या वयाचे, पण बाबांशी मी असं कधी बोललो नाही.

गावात त्यांच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. स्पेनमध्ये पहिल्या डिव्हिजनला खेळलेला माणूस इथे रिळं ढकलेल का? टेलिव्हिजन त्या काळात कोणाकडे नव्हता, आणि असता तरी त्यांच्या वेळच्या मॅची कोणी दाखवणार नव्हतं. पुरावा म्हणजे एक फोटो. टीम दोन रांगांत. पुढचे उकिडवे बसलेले, मागचे उभे, मास्तर मागे उभे. केस तेल लावून चापून बसवलेले, छाती पुढे. पण पुढच्यांच्या डोक्यांमुळे मागच्यांचे पाय दिसतच नव्हते. आमच्या टीमचा गोलकीपर, तोंडाने फटकळ मोरोक्कन, फोटो बघून म्हणाला, “हा बहुतेक टीमचा न्हावी असेल.” मास्तरांनी फोटो परत खिशात ठेवला. चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, “न्हावी या फोटोत नाही. तो फोटो काढत होता.”

टीम आमची सगळ्यात खालच्या लीगमध्ये होती, आणि तिथेही खालीच असायची. मैदान म्हणजे मातीचा पट्टा. वारा सुटला की बॉल दिसत नसे, आणि बॉल दिसत नसला की आम्ही त्यातल्या त्यात बरे खेळायचो. मी खेळत नव्हतो. मी कर्णा घेऊन बसायचो. कोणी कोणाला बॉल दिला, कोणी घालवला, हे सांगायचं, आणि मध्येमध्ये मॅनेजरच्या आवाजात, आमच्या धर्मगुरूच्या, रब्बीच्या, आवाजात, नर्सच्या आवाजात बोलायचं. लोक मॅच बघायला कमी आणि कर्णा ऐकायला जास्त यायचे असं मी म्हणत नाही, पण गोलकीपर म्हणायचा.

मॅच शनिवारी. म्हणजे शब्बातला, आमच्या विश्रांतीच्या दिवशी. बाबांना ते मुळीच मान्य नव्हतं.

“शब्बातला विजेच्या कर्ण्यात ओरडतोस,” बाबा म्हणायचे. “पेणला आपण शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणायचे. तुझ्या आज्याने भर सणाच्या दिवसांतसुद्धा कधी बैल जुंपला नाही.”

“मी तरी कुठे बैल जुंपतोय?”

“अकरा जुंपतोस की,” बाबा म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि ते तोंड फिरवून बसले.

आई मात्र मास्तरांच्या बाजूची. एकटा माणूस, रांधून घालणारं कोणी नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्याकडे जेवायला. आई त्यांना भावजी म्हणायची. भावजी म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मला भाऊ करून घेताना तुझ्या वडलांचा विचार घेतलाय का?” बाबा म्हणाले, “मलाही आत्ताच कळतंय.” मास्तरांना ‘बस’ आणि ‘पुरे’ हे दोन शब्द आईच्या हातच्या जेवणामुळेच आले. नारळाच्या रसातली माशाची आमटी आणि भात. त्यांना साखरेचा आजार होता हे आम्हाला ठाऊक होतं. आई त्यांचा चहा बिनसाखरेचा करायची आणि वर म्हणायची, “भावजी, असला चहा पिण्यापेक्षा माणसाने रडावं.” मी ते हिब्रूत सांगायचो. मास्तर म्हणायचे, “सांग तिला, मी दोन्ही करतो.”

आता पायाचं सांगतो.

स्पेनहून त्यांनी बूट आणले होते. तेव्हाचे फुटबॉलचे बूट जाड चामड्याचे असत, खाली चामड्याच्याच गोल चकत्या खिळ्यांनी ठोकलेल्या. पोरांना कॉर्नर कसा मारायचा ते दाखवायचं असलं की मास्तर ते बूट घालायचे. एरवी धडधडत चालणारा माणूस त्या बुटांत चार पावलं अशी टाकायचा की आपण बोलणं थांबवावं. पळायचे नाहीत, पळता येतच नव्हतं. चार पावलं, आणि बॉल गोलपोस्टच्या लांबच्या कोपऱ्याकडे वळत जायचा. एक दिवस त्यांनी बरेच कॉर्नर मारून दाखवले. पोरं खूश, मास्तर खूश. नंतर बाकावर बसून बूट काढला तर मोजा लाल.

“मास्तर, रक्त.”

ते खाली बघतच राहिले. बुटात हात घातला. झिजून झिजून एका चकतीचा खिळा आतून वर आला होता. सगळा वेळ त्या खिळ्यावर जोर देऊन कॉर्नर मारत होते.

“दुखलं नाही?” मी विचारलं.

“नाही,” म्हणाले. आणि मग, बूट उलटा करून, “कळलंच नाही.”

रक्ताने नाही, त्या ‘कळलंच नाही’ने त्यांचा चेहरा उतरला. ज्या पायाला बॉलची शिवण कुठे आहे ते कळायचं, त्याला खिळा कळला नाही.

जखम करंगळीच्या खाली होती. भरून येईना. दवाखान्यात नर्सने पट्टी बदलली, पुन्हा बदलली, मग पाय आपटायचं सोडून हळू चालत डॉक्टरला बोलवायला गेली. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. डॉक्टर म्हणाला, साखर खूप वाढलीय, बोट काळं पडतंय, बोट काढून टाकू म्हणजे पाय राहील. मास्तर नाही म्हणाले.

“करंगळीने काय होतं मास्तर? कोणाला लागते करंगळी?”

“तू करंगळी न टेकता वळून दाखव,” म्हणाले. मी उठून वळून बघितलं. पडलो नाही, पण जमलंही नाही. “बघ,” ते म्हणाले.

तो पाय कोणाच्या उपयोगाचा होता? गुडघा गेलेला, आता पंजाला जाणीव नाही. हातगाडा ढकलायला डावा पुरला असता. पण आमच्या घरात तो पाय वाचला पाहिजे यापलीकडे दुसरं बोलणं नव्हतं. मास्तरांकडे बायको नव्हती, पोरं नव्हती, फोटोत पायही नव्हते. जे होतं ते तेवढंच.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर आईने सांगून टाकलं. “मी एलियाहू हानाबीला बोललेय. भावजींचा पाय राहिला तर मलिदा करीन.”

जे आमच्यातले नाहीत त्यांना सांगतो. एलियाहू हानाबी म्हणजे आमचे पैगंबर. कोकणात आमच्याकडे त्यांचा रथ आभाळात जाताना खडकावर चाकाची खूण उठली असं आमचे लोक मानतात, आणि अडचणीत सापडलेलं आमचं माणूस त्यांनाच हाक मारतं. काम झालं की मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, ढीग लावायचा, भोवती फळं, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी खायचं.

“मला विचारलंस?” बाबा म्हणाले.

“तुमच्या पायासाठी बोलले असते तर विचारलं असतं.”

आणि जखम सुकायला लागली. खरंच. नर्स मला म्हणाली, वाहणं थांबलंय, कडा कोरड्या दिसतात. डॉक्टर म्हणाला, घाई नको, बघू. पण आईपर्यंत डॉक्टरचं बोलणं पोचायच्या आधी नर्सचं पोचलं.

“झालं. येत्या रविवारी मलिदा,” आई म्हणाली.

“खपली धरली म्हणजे पाय बरा झाला असं नाही,” बाबा म्हणाले. “जरा थांब.”

“काम झाल्यावर नवस लांबवला तर हानाबी काय म्हणतील?”

“ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. डॉक्टर बघू म्हणतोय.”

“डॉक्टर बघतोच आहे कधीपासनं. आणि भावजींना साखर चालत नाही असं म्हणू नका, हानाबींच्या मलिद्याची साखर बाधत नाही. माझ्या आईलाही साखर होती.”

“आणि ती कशाने गेली?”

“म्हातारपणाने,” आई म्हणाली, आणि विषय संपला.

पोहे कोणाच्या तरी मुंबईहून आलेल्या मावशीच्या बॅगेतनं मिळाले. नारळासाठी मी तेल-अवीवच्या बाजाराला गेलो, आणि दुकानदाराने नारळ कानाशी धरून हलवताना जे तोंड केलं तेही घेऊन आलो. आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. डोक्यावर टोप्या घालून सगळे बसलेले, मध्ये ढीग, आणि ढिगाच्या शेजारी पहिल्या जागेवर मास्तर, उसन्या टोपीत, पाय लांब करून. पट्टी पांढरी स्वच्छ. लोक आत येताना आधी त्या पट्टीकडे बघायचे आणि मग त्यांना शालोम म्हणायचे.

प्रार्थना मराठी आणि हिब्रू मिळून चाललेली. मास्तर माझ्या कानात म्हणाले, “हे सगळं कशासाठी आहे?”

“तुमच्या पायासाठी.”

“कुठल्या?”

“मास्तर, डाव्यासाठी एवढे पोहे कोण भिजवील?”

ते हसले नाहीत. ढिगाकडे बघत राहिले. मग आईने पहिली बशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक घास खाल्ला, मग सगळी बशी, मग रिकामी बशी पुढे केली. आई खूश. दुसरी दिली. बाबा कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होते. मी मास्तरांना हळूच म्हटलं, “पुरे, मास्तर.” हा शब्द त्यांना येत होता. त्यांनी ऐकलाच नाही. तिसरी बशी मागून घेतली. पोहे गालाला लागलेले, डोळ्यांत पाणी.

“या पायासाठी लोक ओरडलेत,” ते मला म्हणाले. “अख्खं स्टेडियम ओरडायचं. पण जेवण कोणी केलं नव्हतं.”

आईने विचारलं, “काय म्हणतात?”

“गोड झालाय म्हणतात.”

आठवडा गेला नाही तोच त्यांना थंडी वाजून ताप भरला. खपलीच्या खाली सगळं सडलं होतं, वरून बरं दिसत होतं एवढंच. ॲम्ब्युलन्समधून बेर्शेबाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मी आणि आई मागनं बसने गेलो. आईच्या मांडीवर डबा, डब्यात काय होतं ते तिने कोणाला दाखवलं नाही, आणि परत येताना तो तसाच घेऊन आली.

तिथला डॉक्टर अर्जेंटिनाचा निघाला. मास्तरांशी स्पॅनिशमध्ये बोलायला लागला तसे मास्तर तापातही उठून बसले. मला शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतं. मास्तरांनी आपल्या टीमचं नाव सांगितलं. डॉक्टरचा चेहरा फुलला, टीम त्याला माहीत होती, लहानपणी रेडिओवर ऐकलेली. तो बोटांवर खेळाडूंची नावं मोजायला लागला. हा, हा आणि हा. मास्तर प्रत्येक नावाला मान हलवत होते आणि वाट बघत होते. नावं संपली. डॉक्टरने बोटं मिटली आणि चादर बाजूला करून पाय बघितला.

मग मला हिब्रूत सांगितलं. गुडघ्याच्या वरून.

“गुडघासुद्धा?” मास्तरांनी विचारलं.

“गुडघासुद्धा.”

“तो तर त्यांनी स्पेनमध्येच नेला होता,” डॉक्टर बाहेर गेल्यावर मास्तर मला म्हणाले. “सांग त्याला, उशीर झालाय.” हा जोक मी डॉक्टरला सांगितला नाही.

बाहेर आईने माझी बाही धरली. “त्याला विचार, मलिद्यामुळे झालं का.”

“आई, काय विचारू?”

“विचार.”

विचारलं. डॉक्टर म्हणाला, तीन बश्यांनी पाय जात नाही, हे दहा-पंधरा वर्षांचं आहे, तुमच्या आईला सांगा, तिने माणसाला जेवूच घातलंय. मी सगळं शब्दाला शब्द सांगितलं, डॉक्टरच्याच आवाजात सांगितलं, म्हणजे तिला खरं वाटेल. आई खिडकीतून खाली बसचा स्टॉप बघत होती.

“पोरगा आहे तो अजून,” ती म्हणाली. “त्याला काय माहीत.”

त्यानंतर आमच्या घरात मलिदा झाला नाही. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हाही नाही. आमच्यात लग्नाआधी मलिदा नाही म्हणजे लोक नावं ठेवतात. बाबा म्हणाले, “झालं गेलं.” आई म्हणाली, “मी काम व्हायच्या आधी फेडलं. मी हानाबींना सांगितलं की झालं, आणि झालं नव्हतं.” बाबांनीच तिला थांब म्हटलं होतं, पण तेव्हा ते बरोबर होते हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. हात पाठीमागे बांधून खाली फिरायला गेले.

मास्तर परत आले ते तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी. सरकारी बिल्डिंग, लिफ्ट नाही. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट वर चढवलं. प्रत्येक मजल्यावर टेकवताना ते म्हणायचे, “हाफ टाइम.” वर ठेवलं ते ठेवलंच. लाकडी पाय मिळाला होता, तो कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असायचा. त्याला त्यांनी स्पेनचा बूट घातला होता. स्वतः कधी लावला नाही.

त्यांच्या गच्चीतून अर्धं मैदान दिसायचं. एक गोलपोस्ट, मधली रेघ, आणि पुढे पाण्याची टाकी आडवी. दुसरं अर्धं टाकीच्या मागे. म्हणून मी कर्ण्याचं तोंड त्यांच्या बिल्डिंगीकडे केलं. टाकीच्या मागे काय चाललंय ते ओरडून सांगायचो. लोक म्हणायचे, अरे आम्ही इकडे बसलोय, कोणाशी बोलतोस? मी जोक करणं कमी केलं, कारण जोक केला की तेवढ्यात तिकडे काहीतरी होऊन जायचं आणि सांगायचं राहायचं. टाकीमागे आम्ही गोल खायचो तेही सांगायचो. एकदा-दोनदा मनात आलं, आपणच मारला असं सांगावं. पण मॅच संपल्यावर गोलकीपर जिने चढून वर जायचा आणि खरं काय ते सांगायचा. न्हावी म्हणणारा तोच. आता दर शनिवारी वर जायचा आणि त्यांच्या पलंगावर बसून बूट काढायचा.

हळूहळू मास्तर गच्चीत यायचे बंद झाले. नजर अधू झाली होती, साखरेने. टाकी आणि मैदान त्यांना सारखंच दिसायला लागलं. मी कर्णा त्याच दिशेला ठेवला.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी दुपारी मी आईचे पोहे घेऊन गेलो. फोडणीचे, हिरवी मिरची घातलेले. गोड काही ती त्यांना पाठवत नसे. मास्तर खुर्चीत, गुडघ्यावर, म्हणजे डाव्या गुडघ्यावर, चादर.

“जवळ ये,” म्हणाले. “उजेडात उभा राहा. माझं चालून दाखव.”

दाखवलं. पंजा बाहेर, गुडघा सरळ, बादलीवाला हात. पलंगापासून मोरीपर्यंत आणि परत. ते पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होते. मी वाट बघत होतो, आता म्हणतील गुडघा जास्त वाकला.

“हे मोडल्यानंतरचं,” ते म्हणाले. “आधीचं दाखव.”

“आधीचं मी कुठे बघितलंय, मास्तर?”

“मी सांगतो. तू कर.” आणि हात वर करून सांगायला लागले. “बॉल पायाशी. समोर अडवायला बॅक. पहिलं पाऊल लहान. दुसरं आणखी लहान, त्याला वाटलं पाहिजे तू थांबलास. मग खांदा सोडायचा, आधी खांदा, आणि तिसरं लांब. तो वळेपर्यंत तू गेलेला असतोस.”

मी केलं.

“तसं नाही.”

पुन्हा केलं. पलंग, खुर्ची, मोरी. त्या खोलीत तिसरं पाऊल लांब टाकायला जागाच नव्हती. दार उघडून जिन्यावर जाईपर्यंत केलं.

“तसं नाही. तू उडी मारतोयस. उडी नाही.”

मला एखादा माणूस एकदा दिसला की येतो. दिसला नाही तर काहीच येत नाही. ऐकून मी फक्त ऐकणारा माणूस करू शकतो. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा कर. मी घामाघूम झालो. हिवाळा होता आणि मी सदरा काढून ठेवला. शेजारची बाई दारातून डोकावून गेली. तसं नाही. तसं नाही. त्यांचा आवाज चढत गेला, मग हिब्रू सुटलं आणि स्पॅनिशमध्ये ओरडायला लागले. मला माहीत होतं ते माझ्यावर ओरडत नाहीत. अख्ख्या देशात त्यांना पळताना बघितलेलं एक माणूस नव्हतं. त्यांची आई होती, ती ओफाकिमच्या मातीत.

आणि मग खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरून ते उठले. डाव्या पायावर उभे राहिले. चादर खाली पडली.

“बघ,” म्हणाले.

डाव्या टाचेवर अंग जरासं दचकलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि उजवा खांदा असा खाली सुटला की मीच चुकून डावीकडे सरकलो. मला वाटलं ते माझ्या डावीकडेच चाललेत. त्याच वेळी पायजम्याच्या गाठ मारलेल्या उजव्या बाजूत ती उरलेली मांडी पुढे गेली. लांब. जेवढी जाऊ शकत होती तेवढी. मी त्यांना छातीशी धरलं म्हणून ते मोरीवर आपटले नाहीत.

खुर्चीत बसवलं. त्यांना धाप लागली होती.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“दाखव.”

मी दाखवलं. छोटं पाऊल. आणखी छोटं. खांदा. इथपर्यंत बरोबर आलं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं, कारण ते ‘तसं नाही’ म्हणाले नाहीत. मग मी थांबलो. तिसरं पाऊल मला दिसलंच नव्हतं. तिथे फक्त पायजम्याची गाठ हललेली दिसली होती.

“पुढे?” मास्तर म्हणाले.

मी तसाच उभा राहिलो, एक खांदा खाली.

मास्तरांनी हात लांब करून खालची चादर ओढून गुडघ्यावर घेतली. मग म्हणाले, “पोहे दे. गार होतील.”

ते गेले तेव्हा खाली आणायलाही चौघंच लागलो, आणि हाफ टाइम कोणी म्हटलं नाही. गोलकीपरने पुढची बाजू धरली होती. त्यांना त्यांच्या आईच्या शेजारी पुरलं, म्हातारीच्या. गावात अजून कोणी लग्नाकार्यात म्हणतं, स्पेन करून दाखव रे, तर मी करतो. पंजा बाहेर, गुडघा सरळ, बादली. लोक हसतात, मीही हसवतो.

दुसरं, गुडघा मोडण्याआधीचं, आहे ते मी शनिवारी मॅच संपल्यावर, सगळे गेले की, मैदानात करतो. उजव्या बाजूच्या रेघेवर. छोटं पाऊल, आणखी छोटं, खांदा. तिथे थांबतो. पुढचं मला येत नाही.